नागपूरच्या घरात आशियाई चवीचे पोर्क स्लायडर

स्लायडर म्हणजे तळहातावर मावणारा, तीन-चार घासांत संपणारा छोटा बर्गर. १९२१ साली अमेरिकेतल्या विचिटा शहरात ‘व्हाइट कॅसल’ सुरू झाले आणि असे छोटे बर्गर तिथून लोकप्रिय झाले. आज त्यात जगभरच्या चवी भरल्या जातात. इथे दिलेल्या प्रकारात खिमा चिनी डंपलिंगच्या (मोमोसारख्या पदार्थाच्या) सारणासारखा मळायचा आहे. मुळा-गाजराचे आंबटगोड लोणचे व्हिएतनामच्या बान्ह मी या सँडविचमध्ये घालतात तसे आहे आणि पावाची कणीक जपान-तैवानकडच्या मऊ दूध-पावाच्या पद्धतीची. वरून लावायच्या सॉसमध्ये मात्र आपला संत्रा आहे, आणि तो तिथे अगदी शोभतो.

स्लायडर चांगला होणार की नाही, हे तवा तापायच्या आधीच ठरलेले असते. खिम्यात चरबी किती आहे, मळताना तो किती थंड होता आणि मीठ कधी पडले, या तीन गोष्टी सांभाळल्या की पुढचे काम सोपे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात थंडपणाचा मुद्दा सगळ्यात आधी येतो.

खालची मापे बारा स्लायडरची आहेत. चार जणांना भरपेट होतात. टेबलस्पून म्हणजे १५ मिली, टीस्पून म्हणजे ५ मिली.

मांस: कुठला भाग, किती चरबी

खांद्याचे मांस घ्या. त्यात चरबीचे धागे मांसातच विणलेले असतात. मांडीचे मांस दिसायला छान लाल असते, पण ते कोरडे. त्याचा स्लायडर रबरासारखा होतो आणि कितीही सॉस ओतला तरी सुधारत नाही. खिम्यात २० ते २५ टक्के चरबी हवी. खांद्याचा तुकडा फारच लालभडक दिसत असेल तर ३७५ ग्रॅम खांदा आणि १२५ ग्रॅम पोटाचे मांस असे मिश्रण करा. पोटाच्या भागात साधारण निम्मी चरबी असते, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो.

पोर्क विकणारे बहुधा चामडीसकट तुकडे देतात. चामडी काढूनच घ्या. तास-दोन तास शिजणाऱ्या रश्श्यात ती मऊ होते, तव्यावरच्या सहा मिनिटांत चिवटच राहते. चामडी आणि हाडासकट तुकडा मिळत असेल तर ५०० ग्रॅम निव्वळ मांसासाठी ७०० ग्रॅमच्या आसपास घ्यावे लागते. घेताना मांस नीट पाहा. त्यात तांदळाच्या दाण्याएवढे किंवा साबुदाण्यासारखे पांढरट, पाणीदार फोड दिसले तर ते मांस परत करा. ते पट्टकृमीच्या अळ्यांचे कोष असतात. असा एक तुकडा बाजूला काढून बाकीचे वापरणे हा उपाय नव्हे, सगळेच नाकारायचे.

उन्हाळ्यात मांस आणायला जाताना बर्फ किंवा गोठवलेली पाण्याची बाटली ठेवलेला डबा सोबत न्या. बाहेर ३२ अंशांच्या वर उष्णता असेल तर कच्चे मांस तासाभराहून जास्त उघड्यावर राहू नये. भाजी आधी घ्या, पोर्क सगळ्यात शेवटी.

खिमा करून मिळेलच असे नाही. मटण-चिकनच्या दुकानातल्या यंत्रात पोर्क घालत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून घरीच करायची तयारी ठेवा. मांसाचे दोन सेंटिमीटरचे तुकडे ताटात एका थरात पसरून ४० ते ४५ मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवा. तुकडे दाबल्यावर कडक लागले पाहिजेत, पण सुरी आत जायला हवी. मिक्सरचे भांडे आणि पातेही सोबत फ्रीजरमध्ये ठेवा. मग एका वेळी मूठ-दीड मूठ तुकडे घालून एकेका सेकंदाचे आठ-दहा झटके द्या. मिक्सर सलग फिरवला तर पात्याच्या उष्णतेने चरबी वितळते आणि मांसाला गुलाबी मलमासारखी चिकटते. असा खिमा तव्यावर गेला की चरबी आधीच वाहून जाते आणि उरतो कोरडा, भुसभुशीत गोळा. जड सुरा आणि मजबूत लाकडी पाट असेल तर हाताने कुटलेला खिमा मिक्सरपेक्षा सरस होतो. वेळ वीस मिनिटे लागतो, पण दाणा हवा तसा ठेवता येतो.

पोर्कसाठी पाट, सुरी आणि भांडे वेगळे ठेवा, आणि काम झाल्यावर साबण-गरम पाण्याने धुवा. घरी कोणी जेवायला येणार असेल तर यात पोर्क आहे हे आमंत्रण देतानाच सांगा. ताट समोर आल्यावर कोणालाही नाही म्हणायला लावणे बरे दिसत नाही.

बाटल्या आणि मसाले

सोया सॉस घेताना बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढेच घटक असलेला, आंबवून केलेला सॉस हवा. किक्कोमनसारख्या सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये साधारण अडीच ग्रॅम मीठ असते. खालची मापे तो हिशेब धरूनच दिली आहेत. चायनीजच्या गाडीवर दिसतो तो काळा, कॅरॅमल रंगाचा सॉस चालेल, पण त्याचा खारटपणा प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. तो वापरणार असाल तर खिम्यातले वेगळे मीठ आधी निम्मे घाला. मग चमचाभर खिमा तव्यावर भाजून चाखा आणि त्यानंतर वाढवा.

तिळाच्या तेलात सगळ्यात जास्त गफलत होते. या पदार्थाला लागते ते भाजलेल्या तिळाचे गडद तपकिरी तेल. आपल्या किराणा दुकानातले तिळाचे तेल कच्च्या तिळाचे असते. त्याला तो खमंग वास नाही. भाजके तेल मिळाले नाही तर दोन टेबलस्पून पांढरे तीळ मंद आचेवर बदामी भाजा, खलबत्त्यात भरडा आणि एक टेबलस्पून साध्या तिळाच्या तेलात कालवा. चव जवळपास तीच येते. फल्ली (शेंगदाणा) तेल मात्र तिळाच्या जागी घालू नका, ते तव्यासाठी ठेवा.

चिनी पंचमसाल्याची तयार पुडी शोधत बसण्यापेक्षा घरी करा. इतवारीच्या किराणा बाजारात सगळे जिन्नस सुटे मिळतात. चक्रीफूल चार, दालचिनीचा बोटभर तुकडा, लवंगा सहा, बडीशेप दोन टीस्पून. पाचवा मसाला सिचुआन मिरी. ती नसेल तर कोकणातले तिरफळ घ्या; दोन्ही एकाच वनस्पती-कुळातली सख्खी भावंडे आहेत आणि जिभेला तोच झणझणाट देतात. तिरफळातल्या काळ्या बिया टाकून द्यायच्या, फक्त सालपट एक टीस्पून घ्यायचे. सगळे हलके भाजून बारीक दळा. या मापात महिनाभर पुरेल एवढा मसाला होतो. एका वेळी लागतो जेमतेम अर्धा टीस्पून.

घरात सावजी मसाला असला तरी इथे त्याला हात लावू नका. तो स्वतःच्या रश्श्यात राजा आहे. आले, सोया आणि तिळाची नाजूक चव त्याच्यापुढे टिकत नाही.

पाव

वेळ नसेल तर बेकरीचा ताजा लादी पाव आणा. आकाराने तो स्लायडरला अगदी योग्य आहे. पण घरी केलेला दूध-पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. त्याचे कारण आधी शिजवलेल्या पिठात आहे: मैद्यातला स्टार्च गरम दुधात फुगून जास्त पाणी धरून ठेवतो, म्हणून पाव लवकर वाळत नाही.

मैदा ३०० ग्रॅम मोजा. त्यातला २० ग्रॅम बाजूला काढून १०० मिली दुधात गुठळ्या न होता कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. चमच्याची रेघ भांड्याच्या तळाशी क्षणभर टिकली की उतरवा आणि पूर्ण थंड करा. उरलेल्या २८० ग्रॅम मैद्यात इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, एक अंडे, ८० मिली दूध आणि हे थंड मिश्रण घालून मळा. आपला मैदा फार पाणी धरत नाही, म्हणून दुधातले दोन टेबलस्पून शेवटपर्यंत हातात ठेवा आणि गरज लागली तरच घाला. पाच-सात मिनिटांनी ३० ग्रॅम मऊ लोणी थोडे थोडे मिसळा. लोणी घातल्यावर गोळा फाटल्यासारखा, चिकट होतो. घाबरून मैदा वाढवू नका. आणखी दहा मिनिटे मळत राहा. कणकेचा छोटा तुकडा ताणला की पातळ पडदा तयार झाला पाहिजे.

नागपुरात घड्याळ पाहून कणीक फुगवता येत नाही. मे महिन्यात ती ४० मिनिटांत दुप्पट होते, आणि लक्ष नसेल तर त्यापुढे जाऊन आंबूस वास येतो व पाव भट्टीत बसतात. तेव्हा दूध फ्रीजमधले थंड वापरा. डिसेंबर-जानेवारीत, रात्रीचा पारा दहाच्या आसपास असताना, त्याच कणकेला दोन तास लागू शकतात. तेव्हा दूध कोमट घ्या आणि भांडे बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीसोबत ठेवा. दोन्ही ऋतूंत खूण एकच: दुप्पट फुगलेली कणीक, आणि बोट दाबले तर खड्डा हळूहळू भरतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कणकेवर पापुद्रा धरतो, म्हणून ओले करून पिळलेले फडके वर हवेच.

फुगलेल्या कणकेचे ५० ग्रॅमचे बारा गोळे करा. वजनकाटा वापरा, डोळ्यांनी केलेले गोळे लहानमोठे होतात आणि मग कुठे पाव जास्त, कुठे खिमा जास्त. लोणी लावलेल्या ट्रेमध्ये चार गुणिले तीन असे, मध्ये बोटभर जागा सोडून मांडा. पुन्हा फुगून एकमेकांना टेकले की वरून दूध लावा, थोडे तीळ पेरा आणि १८० अंशांवर १६ ते १८ मिनिटे भाजा. लहान ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) वरची कांडी जवळ असते. दहा मिनिटांनी रंग गडद होऊ लागला तर वर फॉइल टाका. बाहेर काढून लगेच लोणी फिरवा आणि जाळीवर थंड होऊ द्या. गरम पाव कापला तर आतून गिचका होतो.

लोणचे आणि मेयोनीज, दोन्ही आधीच

मुळा १५० ग्रॅम आणि गाजर १०० ग्रॅम, काडेपेटीच्या काडीसारखे चिरा. एक टीस्पून मीठ आणि एक टीस्पून साखर चोळून वीस मिनिटे ठेवा, मग घट्ट पिळा. हे पिळणे सोडू नका: भाजीतले पाणी आधी गेले तरच व्हिनेगर आत शिरते आणि काडी कुरकुरीत राहते. १०० मिली व्हिनेगर, १०० मिली गरम पाणी आणि तीन टेबलस्पून साखर एकत्र विरघळवून थंड करा आणि काचेच्या बरणीत भाजीवर ओता. तासाभरात खाण्याजोगे होते, दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागते आणि फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकते. बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेले व्हिनेगर नाकात झोंबते. ते असेल तर ८० मिली घ्या आणि पाणी १२० मिली करा. पावसाळ्यात मुळा जून, पोकळ निघतो. तेव्हा गोकुळपेठेच्या बाजारात मिळणारी कोवळी काकडी बिया काढून वापरा.

तिखट मेयोनीजसाठी भिवापुरी लाल मिरच्या चार घ्या, बिया झटका आणि गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा. दोन लसूण पाकळ्या, एक टीस्पून व्हिनेगर आणि चिमूटभर साखर घालून गुळगुळीत वाटा. अर्धी वाटी तयार मेयोनीजमध्ये हे वाटण एक टेबलस्पूनपासून सुरू करून चवीप्रमाणे मिसळा. बाजारातले बिनअंड्याचे मेयोनीज गोड असते. त्यात लिंबाचे थेंब जास्त लागतात. कच्च्या अंड्याचे मेयोनीज उन्हाळ्यात घरी करण्याचा धोका पत्करू नये.

संत्र्याचा सॉस

आपल्या संत्र्याचा रस तापवला किंवा बराच वेळ ठेवला की कडवट होतो. बिया आणि आतल्या पांढऱ्या सालीतून येणारे घटक आंबट रसात हळूहळू लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार करतात, आणि उष्णतेने ते काम लवकर होते. म्हणून संत्रा सोलून मिक्सरमध्ये फिरवायचा नाही, कारण बी फुटली की रस गेला. फोडी आडव्या कापून, बिया काढून, हातानेच गाळणीवर पिळा. रस लगेच वापरा आणि तो सॉसमध्ये सगळ्यात शेवटी घाला.

सोया सॉस दोन टेबलस्पून, चिरलेला गूळ ५० ग्रॅम, पाणी ५० मिली, आल्याच्या चार चकत्या, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या आणि पाव टीस्पून पंचमसाला छोट्या गंजात (पातेल्यात) पाच मिनिटे उकळा. गाळून पुन्हा आचेवर ठेवा. मग १०० मिली संत्र्याचा रस आणि एक टेबलस्पून थंड पाण्यात कालवलेले एक टीस्पून कॉर्नफ्लोर घाला. दोन मिनिटांत सॉस चमकदार होतो. उतरवून एक टीस्पून व्हिनेगर मिसळा. चमच्याच्या पाठीवर थर बसावा एवढाच दाट ठेवा, थंड झाल्यावर तो आणखी आळतो. हिवाळ्यात आंबिया बहाराची आणि फेब्रुवारी ते एप्रिल मृग बहाराची संत्री बाजारात असतात. एरवी मोसंबीचा रस चालतो, पण तो कमी आंबट म्हणून व्हिनेगर दोन टीस्पून करा.

सॉस आत्ताच दोन वाट्यांत वाटून ठेवा. एका वाटीतला ब्रशने तव्यावरच्या मांसाला लावायचा, दुसऱ्या वाटीतला वाढताना. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश वाढायच्या वाटीत जाता कामा नये.

खिमा मळणे

फ्रीजमधून काढलेल्या ५०० ग्रॅम खिम्यात आधी फक्त मीठ अर्धा टीस्पून आणि सोया सॉस दीड टेबलस्पून घाला. चार बोटे ताठ ठेवून एकाच दिशेने दोन मिनिटे जोरात फिरवा. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटतात आणि चिकट जाळे धरतात. खिमा भांड्याच्या कडेला चिकटून धागे सोडू लागला की ते काम झाले. या जाळ्यामुळेच अंडे किंवा ब्रेडचा चुरा घालायची गरज राहत नाही. साध्या बर्गरच्या खिम्याला कमी हात लावतात, पण इथे हवी असते ती डंपलिंगच्या सारणासारखी किंचित उसळी, म्हणून मळणे आवश्यक आहे.

आता दोन टेबलस्पून बर्फाचे पाणी थोडे थोडे जिरवा. नंतर किसलेले आले एक टेबलस्पून, बारीक चिरलेला लसूण चार पाकळ्या, भाजक्या तिळाचे तेल दोन टीस्पून, पंचमसाला पाव टीस्पून, साखर एक टीस्पून, कॉर्नफ्लोर एक टेबलस्पून, पांढरी मिरीपूड पाव टीस्पून आणि बारीक चिरलेली कांद्याची पात अर्धी वाटी. घरी भरडलेले तीळ वापरत असाल तर तेही इथेच. पात शेवटी आणि हलक्या हाताने. चुरडली तर पाणी सुटते आणि वास उग्र होतो. साधा कांदा किसून घालण्याचा मोह टाळा. त्याच्या पाण्यामुळे टिक्की तव्यावर फुटते.

पाव टीस्पून खाण्याचा सोडा घातला तर खिमा रस जास्त धरून ठेवतो. पण सोड्याने मांस पूर्ण शिजल्यावरही आतून गुलाबी दिसू शकते, त्यामुळे तापमापक असेल तरच तो घाला.

मळताना खिमा बोटांना तेलकट लागू लागला तर चरबी वितळते आहे असे समजा. तिथेच थांबा, भांडे पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग पुढे जा. एप्रिल-मेमध्ये भांड्याखाली बर्फाची परात ठेवूनच मळा.

अर्धा तास फ्रीजमध्ये मुरू द्या. मग ओल्या हाताने सारख्या वजनाचे बारा गोळे करून चपटे दाबा. पाव सहा सेंटिमीटर रुंद असेल तर टिक्की सात सेंटिमीटरची करा, कारण ती आकसतेच. जाडी एक ते सव्वा सेंटिमीटर. मधोमध अंगठ्याने हलका खड्डा द्या, नाहीतर कडा आकसून मध्यभाग फुग्यासारखा वर येतो आणि पाव वर बसत नाही. दोन टिक्क्यांमध्ये बटर पेपर ठेवा.

तवा

लोखंडी किंवा बिडाचा जाड तवा घ्या. नॉनस्टिकवर रंग फिका येतो. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे तापवा, एक टेबलस्पून फल्ली तेल फिरवा आणि एका वेळी चार ते पाचच टिक्क्या ठेवा. गर्दी केली की तव्याची उष्णता उतरते, पाणी सुटते आणि टिक्क्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. पहिली बाजू तीन मिनिटे हलवू नका. ती तयार झाली की स्वतःहून सुटते. सराटा खाली सरकवताना चिकटत असेल तर अजून वेळ आहे. उलटा, दोन मिनिटे थांबा, मग सॉसचा ब्रश फिरवा, पुन्हा उलटा, दुसरी बाजू रंगवा. सॉसमध्ये गूळ आहे, तो सुरुवातीला लावला तर मांस शिजण्याआधी कोळसा होतो. सॉस शेवटच्या मिनिटातच लावायचा. सराट्याने दाबून चर्र आवाज काढण्याचा मोह होतो, पण त्या आवाजात टिक्कीतला सगळा रस बाहेर जातो.

पोर्कच्या खिम्याचे मधले तापमान ७१ अंश सेल्सिअस झालेच पाहिजे. अन्नाचा तापमापक यासाठी घ्यावा. टिक्कीच्या बाजूने, आडवा, मध्यापर्यंत टोचायचा. सोया सॉसमुळे रंगावरून काही कळत नाही. तापमापक नसेल तर सॉस लावण्याआधी एक मिनिट झाकण ठेवून वाफ द्या आणि प्रत्येक घाण्यातली एक टिक्की मधून तोडून पाहा: आत गुलाबी, ओलसर चिकट भाग आणि लालसर रस दिसता कामा नये. एकदा फ्रीजरमध्ये ठेवले की कृमी मरतात या समजुतीवर विसंबू नका. घरच्या फ्रीजरची थंडी सारखी राहत नाही, वीज गेली की आणखी नाही.

रचणे

पाव आडवे कापून, कापलेली बाजू त्याच तव्यावर उरलेल्या चरबीत अर्धा मिनिट शेका. शेकलेल्या पृष्ठभागात ओल लवकर मुरत नाही. खालच्या पावावर मेयोनीजचा पूर्ण थर, अगदी कडेपर्यंत. तो रस अडवतो. त्यावर बारीक चिरलेली पत्ताकोबी, मग गरम टिक्की, अर्धा टीस्पून वाढायचा सॉस, मुठीत घट्ट पिळलेले लोणचे, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) दोन कोवळ्या काड्या पानांसकट आणि आवडत असेल तर हिरव्या मिरचीची एक पातळ चकती. लोणचे न पिळता घातले तर पाच मिनिटांत पाव लगदा होतो. सांबार चिरू नका, अख्ख्या काडीचा वास घासागणिक येतो.

संध्याकाळी आठला जेवण असेल तर लोणचे आणि मेयोनीज आदल्या रात्री करा. पाव दुपारी दोनपासून, सॉस चारला. खिमा सहाला मळून सातला टिक्क्या थापून फ्रीजमध्ये. तवा पावणेआठला, सगळे टेबलावर आल्यावर. स्लायडर रचून ठेवण्याची गोष्ट नाही. पहिल्या घाण्यातले खाल्ले जात असताना दुसरा घाणा तव्यावर असावा.

मळलेला कच्चा खिमा फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवा. थापलेल्या टिक्क्या ताटात पसरून गोठवल्या आणि मग हवाबंद डब्यात भरल्या तर उणे १८ अंशांवर दोन महिने चांगल्या राहतात. वापरायच्या आदल्या रात्री त्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीत उतरवा, ओट्यावर नाही. एकदा सुटलेली टिक्की पुन्हा गोठवू नका. उरलेल्या शिजलेल्या टिक्क्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून, कांद्याची पात आणि शिळा भात घालून परता. वरून एक अंडे फोडा.